बिघडलं तर कुठल्या बाजूला?

जूनच्या पहिल्या वादळी पावसात संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मी आणि शेजारच्या काकू लिफ्टमध्ये होतो. पाचवा मजला सोडून लिफ्ट सहाव्याकडे निघाली होती. एक हलका हिसका बसला, पंखा थांबला, काळोख झाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध उभी राहिली. अशा वेळी बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत जायची सोय आमच्या लिफ्टला आहे, पण त्या दिवशी ती चाललीच नाही. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. ‘अगं, लाइट गेली म्हणजे ब्रेकची पण लाइट गेली ना? मग आता हिला धरलंय कुणी?’

मी बावीस वर्षं तुर्भ्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर म्हणून काम करते. आमच्या कामातला कळीचा प्रश्न इतक्या थेटपणे मला कुणी विचारला नव्हता.

‘काकू, हिचा ब्रेक लावायला लाइट लागत नाही. सोडायला लागते.’

गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटरला जोडून एक पोलादी ड्रम असतो. त्याच्या दोन्ही अंगांना ब्रेक शू असतात आणि जाडजूड स्प्रिंगा ते सतत ड्रमवर दाबून धरतात. म्हणजे लिफ्टची मूळ अवस्थाच ‘ब्रेक लागलेला’ ही. आपण बटण दाबलं की ब्रेकच्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं चुंबक बनतं, ते स्प्रिंगांवर मात करून शू बाजूला ओढतं आणि मग लिफ्ट हलते. वीज गेली, वायर तुटली, कॉइल जळली, काहीही झालं तरी चुंबक मरतं आणि स्प्रिंगा पुन्हा ड्रम आवळतात.

काकूंना दुसरी गोष्ट सांगितली ती त्यांना अजिबात पटली नाही. ब्रेक सुटलाच तर आपण खाली नाही, वर जाऊ. आमची लिफ्ट दहा माणसांची, ६८० किलोची. दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन लटकतं ते रिकाम्या लिफ्टइतकं अधिक पूर्ण भाराच्या साधारण ४० ते ५० टक्के, असं ठेवतात. त्यामुळे मोटरला रोजच्या कामात दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा ओढावा लागतो. आम्ही दोघी मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. म्हणजे पलीकडचं वजन आमच्यापेक्षा जड. वीस मिनिटांनी मेकॅनिक आला, त्याने मशीन रूममध्ये हाताच्या दांडीने ब्रेक जरा जरा सैल केला आणि लिफ्ट कसलाही आवाज न करता वीतवीत वर सरकत सहाव्या मजल्याला लागली. काकू बाहेर पडल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

आणि दोरच तुटला तर? त्याचं उत्तर फार जुनं आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस उंचावर टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्याने आपल्याच फळीचा दोर कापायला लावला. फळी जरा घसरली आणि अडकली. टांग्याला असते तशी पाट्याची स्प्रिंग त्याने वर बसवली होती. दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राहायची. ताण गेला की तिची टोकं फाकून बाजूच्या दातेरी पट्ट्यांमध्ये रुतायची. ज्या दोराच्या तुटण्याची भीती, त्याच्या तुटण्यानेच ब्रेक लागावा अशी ती रचना होती. आजच्या लिफ्टमध्ये हे काम वेग मोजणारा गव्हर्नर करतो. ठरलेल्या वेगाच्या वर लिफ्ट गेली की तो जबडे आवळून तिला बाजूच्या रुळांना जखडतो.

काकूंचा नातू यंदा बारावी झाला. सीईटीचा निकाल, कॅप राउंडचे पर्याय आणि ‘कुठली ब्रँच घेऊ?’ हा घरातला रोजचा विषय. सिव्हिलवाले नक्की काय करतात, केमिकलवाले काय करतात, इलेक्ट्रिकल घेऊन पुढे काय, असं तो विचारत असतो. मी त्याला पगाराचे आणि कॉलेजांच्या कटऑफचे आकडे सांगू शकत नाही. रोजच्या कामात ही मंडळी कशाचा विचार करतात ते मात्र सांगू शकते. वस्तू चालावी कशी हे सगळेच बघतात. त्याच्या जोडीला प्रत्येक शाखेचा इंजिनीअर आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवतो: ही वस्तू कधी ना कधी बिघडणार, तेव्हा ती कुठल्या बाजूला बिघडावी?

ठाण्याहून तुर्भ्याला मी ट्रान्स-हार्बरने जाते. २००४ च्या नोव्हेंबरात ही लाइन सुरू झाली, त्याआधी बस होती. पावसाळ्यात रबाळ्याच्या अलीकडे गाडी थांबली की डब्यात कुणीतरी म्हणतंच, ‘झालं, सिग्नल फेल!’ मला दर वेळी वाटतं, उठून सांगावं की तो फेल झालेला नाही.

रुळांचा एक ठरावीक तुकडा घ्या. त्याच्या एका टोकाला दोन रुळांमध्ये अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. ती एका रुळातून पलीकडच्या टोकाला जाते, तिथल्या रिलेतून, म्हणजे वीज असेपर्यंत उचललेल्या राहणाऱ्या चुंबकी खटक्यातून, फिरून दुसऱ्या रुळाने परत येते. रिले उचललेला असेपर्यंत सिग्नल हिरवा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ मध्येच जोडून टाकतात. विजेला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत काहीच पोचत नाही, तो गळून पडतो आणि सिग्नल लाल होतो. आता रूळ तुटला तर? वीज पोचत नाही, लाल. वायर चोरीला गेली, लाल. बॅटरी संपली, लाल. रुळांवर पाणी साचून वीज त्यातून झिरपली तरी लालच. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन इंजिनीअरने १८७२ मध्ये हे शोधलं. त्याचा आधीचा प्रयत्न उलटा होता. त्यात गाडी आल्यावर सर्किट जुळायचं आणि धोका दिसायचा. ते चालायचं छान, पण वायर तुटली तर गाडी समोर असूनही सिग्नल ‘या’ म्हणाला असता. ही खोट त्याच्या लक्षात आली आणि त्याने सगळं फिरवलं. आज यात नवी तंत्रं आली आहेत, काही ठिकाणी चाकांचे आस मोजणारी यंत्रं आहेत, पण शंका आली की लाल दाखवायचं हा नियम तसाच आहे.

गाडीच्या ब्रेकचंही तेच. मेल-एक्स्प्रेसच्या डब्यांखालून जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये सतत ५ किलो दाबाची हवा असते. ती ब्रेक सुटलेले ठेवते. साखळी ओढली की ती हवा बाहेर निघते, आणि डबे मध्येच तुटून वेगळे झाले तरी निघते. प्रत्येक डब्याच्या टाकीत ब्रेक लावण्यापुरती हवा आधीच भरून ठेवलेली असते, पाइपमधला दाब गेला की तीच ब्रेक लावते. या ब्रेकचा जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस याने आधी पाइपमध्ये हवा भरून लावायचा ब्रेक केला होता, तो डबे तुटले की निकामी व्हायचा. मग त्यानेही सगळं उलटं केलं.

मी स्वतः हे शिकले ते पुस्तकातून नाही, एका फिटरकडून. ट्रेनी होते. प्लँट नवा उभा राहत होता, रिअॅक्टरच्या, म्हणजे रासायनिक प्रक्रिया होते त्या बंद भांड्याच्या, लाइन टाकून झाल्या होत्या आणि कंट्रोल व्हॉल्व्ह बसवायचं काम माझ्याकडे होतं. असा व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने चालतो. वरच्या गोल डब्यात रबराचा पडदा असतो, एका बाजूने हवा ढकलते, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. हवा गेली की स्प्रिंग जिंकते. स्प्रिंग कुठल्या अंगाला बसवली यावर व्हॉल्व्ह हवेविना उघडा राहणार की बंद, हे ठरतं. प्लँटमध्ये त्याला ‘फेल ओपन’ आणि ‘फेल क्लोज’ म्हणतात.

मी चार्ट घेऊन कंट्रोल रूममधून सिग्नल द्यायला लावत होते. शून्य, पंचवीस, पन्नास, शंभर टक्के. सगळे व्हॉल्व्ह नीट हलत होते आणि मी टिक करत होते. आमचे फिटर मामा, तेव्हाच पन्नाशीचे, शांतपणे बघत होते. थंड पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी आल्यावर त्यांनी पाना लावून हवेची बारीक तांब्याची नळी सोडवली. फुस्स झालं. ‘मॅडम, कॉम्प्रेसर बंद पडला. आता बघा.’ दांडीवरचा काटा सरसर खाली गेला आणि बंदच्या खुणेवर टेकला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वाफेचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, ते बरोबर. पण थंड पाणी? आत माल तापलेला आहे, हवा गेली आहे, आणि त्याला गार करणारं पाणीच बंद. तो व्हॉल्व्ह उलट्या प्रकारचा आला होता आणि माझ्या चार्टवर त्याच्यासमोर बरोबरची खूण होती. तो चार्ट मी फाडला आणि पहिल्यापासून सगळे व्हॉल्व्ह हवा काढून तपासले.

हे इतकं महत्त्वाचं का, ते केमिकल इंजिनीअर सांगू शकतो. प्रयोगशाळेत एक लिटरच्या फ्लास्कमध्ये निमूट झालेली प्रक्रिया हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तशीच होईल याची खात्री नसते. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग शंभरपटच. उष्णता तयार होते मालात, बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणजे दर लिटरमागे गार व्हायची जागा एकदशांश उरली. त्यात तापमान वाढलं की प्रक्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की आणखी उष्णता. पातेलं मोठं केलं एवढंच दिसतं, पण केमिकल इंजिनीअरच्या दिवसातला मोठा वेळ या एका गणितात जातो. ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना ज्या नळ्यांचं जंगल दिसतं, त्यातल्या बऱ्याच नळ्या माल नेत नाहीत, उष्णता नेतात. सगळंच हाताबाहेर गेलं तर फुटावी म्हणून मुद्दाम बसवलेली पातळ धातूची चकतीही तिथे असते, म्हणजे रिअॅक्टर फुटण्याआधी ती फुटते आणि आतला दाब ठरलेल्या वाटेने बाहेर जातो.

भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये टाकी गार ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद करून ठेवलेलं होतं आणि निसटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. कागदावर सगळी सोय होती. आमच्या क्षेत्रातल्या माणसाने हे दर वर्षी एकदा तरी नव्याने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

सिव्हिलवाल्यांकडे स्प्रिंग नसते, वीज नसते. त्यांची वस्तू हलतच नाही, मग बिघडायची बाजू कशी निवडणार? तर सळईने. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कच्चं, म्हणून बीमच्या खालच्या अंगाला लोखंड घालतात. जास्त लोखंड म्हणजे जास्त मजबुती असं आपल्याला वाटतं. पण प्रमाणाबाहेर लोखंड घातलं तर भार वाढल्यावर लोखंड तसंच राहतं आणि वरचं काँक्रीट एका क्षणात चुरडतं. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअर लोखंड हिशेबात ठेवतो, म्हणजे आधी लोखंड ताणलं जाईल. लोखंड ताणलं की बीम वाकतो, खालून भेगा पडतात, दारं चौकटीत अडकायला लागतात. घरातल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. भूकंपासाठी आणखी एक अट आहे. बीम आणि कॉलम यांच्या सांध्यात कॉलम नेहमी वरचढ हवेत. आपल्या भूकंपविषयक मानकात ते बीमच्या किमान १.४ पट ताकदीचे असावेत असं सांगितलंय. बीम मोडला तर एक मजला जायबंदी होतो, कॉलम मोडला तर वरचं सगळं खाली येतं.

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठव्याचं काम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली होती. ७४ जण गेले. तिथे दारं अडकली नाहीत आणि कुणाला वेळ मिळाला नाही.

ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रोडवर, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. आख्ख्या महाराष्ट्राची वीज किती बनते आणि किती लागते याचा क्षणाक्षणाचा मेळ तिथे बसवतात. तिथल्या इंजिनीअरांची नजर एका आकड्यावर असते: ५० हर्ट्झ. मोठ्या औष्णिक केंद्रांतली जनित्रं मिनिटाला ३००० फेरे मारतात आणि सगळी एका तालात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की चढावर सायकल मंदावते तशी ती मंदावतात आणि आकडा खाली येतो. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र अशा वेळी काही मिनिटांत जोर लावू शकतं. तरी आकडा घसरतच राहिला तर ४९.४ हर्ट्झपासून पुढे टप्प्याटप्प्याने रिले काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइन, आपोआप तोडतात. कारण आकडा फारच खाली गेला तर वीजकेंद्रं स्वतःची यंत्रं वाचवण्यासाठी एकेक करून बाहेर पडतात आणि मग सगळंच बसतं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड अशी बसली. साठ कोटींहून जास्त लोकांचा तो प्रदेश होता. आपली पश्चिमेची ग्रिड तेव्हा वेगळी होऊन तगली.

१२ ऑक्टोबर २०२० ला मात्र सकाळी दहाच्या सुमारास आपली पाळी आली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात, लोकल रुळांवर उभ्या. बाहेरची ग्रिड कोलमडली तर मुंबईने स्वतःला तोडून आपल्या वीजकेंद्रांवर बेटासारखं तगून राहावं, अशी योजना अनेक वर्षं तयार होती. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही.

काँप्युटरवाल्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही, पण ठाणे स्टेशनबाहेर वडापावचे पैसे ‘पेंडिंग’ अडकले की त्यांचीच निवड दिसते. पैसे दोनदा जाण्यापेक्षा थोडा वेळ लटकलेले बरे, असं ठरवलेलं असतं. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे नेटवर्क तुटून तोच निरोप पुन्हा गेला तरी पलीकडच्या यंत्राला कळतं की हा आधीचाच आहे.

आतापर्यंतच्या गोष्टींना एक तरी सुरक्षित बाजू होती: थांबणं, लाल होणं, गार होणं. काही गोष्टींना ती नसते, आणि नवी मुंबईत त्याचं फार चांगलं उदाहरण आहे. सिडकोची स्थापना झाली १९७० मध्ये. पारसिकचे डोंगर आणि खाडी यांच्यामधली पाणथळ, मिठागरांची जमीन भरून शहर वसवायचं होतं. सगळी जमीन उधाणाच्या पाण्याहून उंच करायची तर भरावाचा खर्च अफाट. म्हणून डच लोकांसारखा उपाय केला. वाशी, बेलापूर अशा सखल भागांत होल्डिंग पाँड खणले, मराठीत धारण तलाव. शहरातलं पावसाचं पाणी नाल्यांनी तलावात येतं. तलाव आणि खाडीच्या मध्ये वरून बिजागरी लावलेली लोखंडी झडप असते, फ्लॅप गेट. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलून निघून जातं. भरती आली की खाडीचंच पाणी तिला चौकटीवर दाबून बंद करतं. मोटर नाही, बटण नाही, माणूस नाही. मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत ५ मीटरच्या आसपास फरक पडतो, तोही ती सांभाळते. आपल्या आगरी लोकांना यात नवल वाटणार नाही. खारजमिनीच्या बांधाला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उघाडी ठेवली, ती पावसाचं पाणी सोडायची आणि खारं पाणी अडवायची.

पण ही झडप बिघडली तर? उघडी अडकली तर भरतीचं पाणी शहरात. बंद अडकली तर पावसाचं पाणी शहरात. दोन्हीकडे पाणीच. म्हणून इथे इंजिनीअर बाजू निवडत नाही, जोडीदार देतो: एका झडपेऐवजी अनेक, शिवाय पंप, शिवाय तलावात जास्तीची जागा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरवाल्यांचंही तसंच. त्यांना थांबून चालत नाही, म्हणून वीज गेली की बॅटऱ्या आणि बॅटऱ्या संपायच्या आत डिझेल जनरेटर.

तलावांची खरी अडचण झडपेत नाही, गाळात आहे. वर्षानुवर्षं भरतीबरोबर गाळ आत येत राहिला, त्यात तिवरं रुजली आणि तलाव उथळ झाले. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण तलाव रिकामा नसेल तर भरतीच्या चार-पाच तासांत पावसाचं पाणी कुठे साठवायचं? हा प्रश्न एकट्या सिव्हिल इंजिनीअरला सुटणारा नाही.

लिफ्ट अडकल्याच्या दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पुन्हा आला तेव्हा मी त्याच्याबरोबर मशीन रूममध्ये गेले. काकूंचा नातूही मागोमाग आला. मेकॅनिकने त्याला ब्रेकच्या स्प्रिंगा दाखवल्या, शूच्या लायनिंगवर बोट फिरवून किती झिजलंय ते दाखवलं. अजून वर्षभर चालेल, म्हणाला. मग त्याने बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड जमली होती आणि पेटीवरच्या कार्डावर शेवटच्या तपासणीची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. मुलाने ती दोनदा वाचली. नव्या बॅटऱ्यांचं कोटेशन मी सेक्रेटरींना दिलं आहे. रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते सहावं आहे, पार्किंगच्या नंतर. ते पहिलं घ्यावं, असं पत्र मी आज दिलं. त्यावर दुसरी सही काकूंची आहे.